राम दिवसा, कृष्ण रात्री

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आमच्या इंदापूर-बारामतीकडे घराघरांतून पत्ते निघतात. मास्तराने पत्त्यांवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. वर्गात सापडलेला कॅट जप्त करणारा मीच आणि दिवाळी अंकात त्याची समीक्षा लिहिणाराही मीच! पण ज्या वस्तूभोवती शहाणीसुरती माणसे जेवण विसरून बसतात, तिची रचना तपासून पाहू नये असा कुठे नियम नाही. कादंबरीला आपण विचारतो, की बाई, तुझी पात्रे नावापुरती आहेत की कथेला खरोखर हलवतात? तोच प्रश्न गेल्या दिवाळीत मला पत्त्यांना विचारावासा वाटला.

निमित्त पुतण्याचे. तो पुण्याहून एक पेटी घेऊन बारामतीला थोरल्या भावाच्या घरी आला होता. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या अद्भुत कथांवर, म्हणजे 1937 च्या ‘द हॉबिट’ आणि 1954-55 च्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर, 2011 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. यात भिडू एकमेकांशी लढत नाहीत. राक्षस, अरण्ये आणि आपत्ती यांचा एक निराळा कॅट असतो. तो आपल्या नियमाने उलगडत जातो आणि सगळ्यांनी मिळून त्याला तोंड द्यायचे. म्हणजे खेळ सहकारी. आता सहकार हा शब्द आमच्या भागात उसाबरोबरच उगवतो, तेव्हा मी कान टवकारले यात नवल नाही.

प्रत्येकाने आपला कॅट आधीच रचून आणायचा असतो. जास्तीत जास्त तीन वीर, निदान 50 पत्ते, एका नावाचे तीनपेक्षा अधिक नाहीत. धोक्याचा आकडा 50 वर गेला की तो भिडू बाद. पुतण्याने सगळे बुटकेच घेतले होते. वीर तीन : डेन, थोरिन आणि ओरी. डेनचा पत्ता उभा आहे, कामासाठी आडवा केलेला नाही, तोवर प्रत्येक बुटक्याचा निर्धार आणि मारा एकेकाने वाढतो. थोरिन आणि ओरी यांचे गुण निदान पाच बुटके जमल्यावर जागे होतात. एक साधनसामग्री वाढवतो, दुसरा दर फेरीला एक पत्ता अधिक मिळवून देतो. स्वतः जागचे न हलता नुसत्या बसण्याने इतरांना बळ द्यायचे, हे डेनचे कर्तृत्व आमच्या तालुक्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मला हे मनापासून आवडले. ‘द हॉबिट’मधले बुटके एकेकटे पाहिले तर बरेचसे गबाळे; टोळीने निघाले म्हणजे त्यांना अर्थ येतो. पत्त्यांच्या नियमात नेमके तेच उतरले आहे. “पण काका, सगळे बुटकेच घ्या अशी सक्ती नाही,” पुतण्या म्हणाला, “ती मीच घालून घेतली आहे.” मला एकदम मोरोपंत आठवले. 1794 मध्ये देह ठेवीपर्यंत बारामतीत राहून या कवीने रामायणे रचली ती एक-दोन नव्हेत, परंपरा 108 म्हणते; आणि त्यांतल्या कितीएकांत स्वतःवर काही ना काही बंधन घालून घेतले. निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लागेल असे अक्षर नाही. म्हणजे रामायण सांगायचे आणि ‘राम’ म्हणायचे नाही! कुणी याला कसरत म्हणेल. बंधनाने कवीचे बळ वाढते की नुसते दिसते, हा वाद जुना आहे. बुटक्यांच्या बाबतीत तरी ते वाढते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

खोट काढायची तर एकच. पाचवा बुटका कोण, याला तिथे फारसे मोल नाही. डोके मोजले की झाले. त्यापेक्षा रोहनच्या स्वारांचा कॅट मला कथेच्या अधिक जवळचा वाटला. त्यातला एक सोबती स्वतः डावातून बाद होतो आणि थकून आडव्या झालेल्या वीराला पुन्हा उभा करतो. बळात हा कॅट बुटक्यांच्या मागेच राहील, पण तो पत्ता टाकताना हात क्षणभर अडखळतो. कॅटमध्ये विषय मुरला आहे की नाही, ते अशा ठिकाणी कळते.

आता आपल्या घरची वस्तू. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा एक संच माझ्या कपाटात आहे. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले, हाताने रंगवलेले गोल पत्ते. ही विद्या मरणपंथाला लागली असता 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले. राणीसाहेब स्वतः जुन्या चिताऱ्याकडून शिकल्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण 120. विषयाच्या भव्यतेत टॉल्किनची पेटी याच्या पासंगालाही पुरत नाही.

पण भव्य विषय म्हणजे भव्य रचना नव्हे. गंजिफांचा नरसिंह काही फाडत नाही आणि परशुराम काही तोडत नाही. राजा तो राजा, मग तो मत्स्याचा असो की कल्कीचा. आठ रंगांच्या, 96 पत्त्यांच्या मोगली गंजिफाही जवळजवळ याच रीतीने खेळतात. अवतार गेले तरी डाव फारसा अडत नाही. माझ्या एखाद्या कादंबरीतील नावे बदलून कथा तशीच चालली, तर टीकाकार मला सोडतील काय?

आणि तरीही एका नियमापुढे मी हात जोडतो. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामराजा तो उतारी करतो. दिवे लागल्यावर तो मान कृष्णाचा. सूर्यवंशातला राम, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण! बाहेरचे आभाळ पत्त्यांत शिरते. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, हीही सुंदर कल्पना. थोरपण सगळीकडे एकाच मापाने मोजू नये, असे तो रचणारा जणू जाणत होता. या दोन जागा मला बुटक्यांच्या सगळ्या बेरजेहून श्रेष्ठ वाटतात.

सहकाराचे मात्र गंजिफांत नाव नाही. तिघे बसतात, चाळीस-चाळीस पत्ते, ज्याचा तो. पण पेटीतल्या सहकाराचेही आम्ही काय केले ते सांगतो. तिसऱ्या फेरीपासून पुतण्या आमच्या तिघांचाही कर्ता पुरुष झाला. “बाबा, तो पत्ता आता नको. काका, तुम्ही हा आडवा करा.” शेवटी दादांनी पत्ते खाली ठेवले. “मग तूच खेळ की तिघांचे!”

याच कारणासाठी मला मेंढीकोट मोठा वाटतो. त्याला ना विषय, ना चित्र. समोर भिडू बसलेला, त्याच्याशी बोलायचे नाही, आणि तरी त्याच्या मनातले ओळखून मेंढी त्याच्या हातावर चढवायची. बारा वर्षांपूर्वी मी ती चुकीच्या हातावर चढवली आणि आमच्यावर कोट झाला. तेव्हापासून दादा आणि मी भिडू म्हणून बसलो नव्हतो. खरे कारण पाटाच्या पाण्याच्या पाळीचे होते. दश्शी बिचारी निमित्ताला.

पेटी मिटली गेली. मी पिशवीतून गंजिफा काढल्या. तिघे होतोच. पुतण्याने पिसायला घेतल्या आणि गोल पत्ते त्याच्या हातातून निसटून चटईभर झाले. ते गोळा करून वाटून होईपर्यंत वहिनींनी ओसरीवर पणत्या लावल्या होत्या.

“उतारी कुणाची?” पुतण्याने विचारले.

“दिवे लागले,” मी म्हणालो. “कृष्ण कुणाकडे?”

दादांनी आपले चाळीस पत्ते दोनदा चाळले, चष्मा पुसला आणि एक पत्ता दिव्याजवळ धरून माझ्यापुढे केला. “हा बघ रे, हाच ना?”