दिशा आणि मात्रा : अणुअपघातांच्या परिणाम-प्रतिमानांतील हवामान-नोंदींची चिकित्सा

प्रस्तावना

अणुवीज केंद्रातील अपघाताचे कारण भट्टीत असते. मात्र त्याचे परिणाम कोणत्या गावाच्या वाट्याला यावयाचे, हे वारा आणि पाऊस ठरवितात. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अपघात झाला. त्यानंतर सिझियम-१३७ चा एक मोठा पट्टा केंद्रापासून सुमारे २०० कि.मी. अंतरावर, गोमेल, मोगिलेव्ह आणि ब्रायन्स्क या प्रदेशांत आढळला. किरणोत्सारी ढग त्या भागावर असताना तेथे पाऊस पडला, हे त्याचे प्रमुख कारण होय. याच अपघातानंतर ब्रिटनच्या डोंगराळ भागांतील मेंढ्यांवर घातलेले निर्बंध २०१२ पर्यंत पूर्णपणे उठले नव्हते. केंद्रापासूनचे अंतर हे धोक्याचे पुरेसे माप नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

म्हणूनच अपघाताच्या परिणामांचे गणित मांडताना हवामान-नोंदी अपरिहार्य ठरतात. परंतु या नोंदींना कोणता प्रश्न विचारला जातो आणि मिळालेले उत्तर कोणत्या निर्णयासाठी वापरले जाते, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील परिणाम-प्रतिमाने आणि जपानमधील 'स्पीडी' ही यंत्रणा यांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

वर्षभराच्या नोंदी आणि सरासरीचे गणित

१९७५ मध्ये नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत भट्टी-सुरक्षेचा जो विख्यात अभ्यास पूर्ण झाला, त्यासाठी 'क्रॅक' ही संगणक-प्रणाली तयार करण्यात आली. 'क्रॅक-२' आणि 'मॅक्स' या तिच्या पुढील पिढ्या होत. या सर्वांची मूळ रीत सारखीच आहे. एका ठिकाणच्या वर्षभराच्या, म्हणजे ८,७६० तासांच्या नोंदी घ्यावयाच्या; त्यांत वाऱ्याचा वेग व दिशा, वातावरणाचे स्थैर्य आणि पाऊस यांचा समावेश असतो. त्यांतून नमुन्यादाखल काही क्षण निवडावयाचे आणि त्या प्रत्येक क्षणी उत्सर्ग सुरू झाला असे मानून परिणाम मोजावयाचे. पावसाचे प्रसंग विरळ असले तरी घातक असतात, म्हणून 'क्रॅक-२' मध्ये नोंदींचे गट पाडून प्रत्येक गटातून नमुने घेण्याची व्यवस्था केली गेली. ही सुधारणा निःसंशय महत्त्वाची होती.

तथापि या रीतीच्या मर्यादाही तितक्याच मूलभूत आहेत. किरणोत्सारी लोट उत्सर्गाच्या वेळी ज्या दिशेने निघाला त्याच दिशेने सरळ रेषेत जात राहतो, असे या प्रणालींत गृहीत धरलेले असते. पुढे वाऱ्याचा वेग आणि स्थैर्य बदलते, पण लोट वळत नाही. केंद्राजवळ मोजलेला पाऊस हाच सर्व प्रदेशाचा पाऊस मानला जातो. १९८२ मध्ये सँडिया प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९१ स्थळांचा विचार होता, परंतु त्यासाठी वापरलेल्या नोंदी २९ हवामान-केंद्रांच्या होत्या. अनेक स्थळांना त्यामुळे दुसऱ्याच ठिकाणचे हवामान उसने घ्यावे लागले.

याच अभ्यासाची टोकाची आकडेवारी त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने उघड केली, तेव्हा मोठा वाद माजला. सरासरी खरी की टोक खरे, असा तो वाद होता. वस्तुतः दोन्ही आकडे एकाच वितरणाचे भाग होते. ऐन दाट वस्तीवर पाऊस पडला तर जे घडेल ते टोकाच्या आकड्यात दिसते. वर्षभरातील सर्व शक्यतांचा मेळ सरासरीत दिसतो. दोन स्थळांची तुलना करावयाची असेल तर सरासरी उपयोगी पडते. मात्र सरासरीला दिशा नसते. सर्व दिशांचे वारे एकत्र केले की नकाशावर वर्तुळच उरते, आणि प्रत्यक्ष अपघातात वारा वर्तुळात वाहत नाही.

वर्तुळ आणि वारा : फुकुशिमाचा अनुभव

फुकुशिमा दाइइची येथील घटनाक्रम या दृष्टीने बोलका आहे. ११ मार्च २०११ च्या रात्री प्रथम २ आणि नंतर ३ कि.मी. त्रिज्येचा परिसर रिकामा करण्याचे आदेश निघाले. १२ मार्चला पहाटे ही त्रिज्या १० कि.मी. व सायंकाळी २० कि.मी. करण्यात आली. १५ मार्चला २० ते ३० कि.मी. पट्ट्यातील लोकांना घरातच थांबण्यास सांगण्यात आले. प्रत्येक आदेश वर्तुळाच्या भाषेत होता.

नामिए गावातील हजारो रहिवासी या काळात वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयाला गेले. १५ मार्च रोजी प्रथम दक्षिणेकडे गेलेला लोट वारा फिरताच दुपारनंतर वायव्येकडे वळला आणि सायंकाळच्या पाऊस-हिमवृष्टीबरोबर जमिनीवर उतरला. आश्रयस्थान नेमके त्याच मार्गावर होते. २० कि.मी. वर्तुळाच्या बाहेरचे इइताते गाव रिकामे करण्यासाठीचा आदेश २२ एप्रिलला निघाला.

वास्तविक 'स्पीडी' यंत्रणा या काळात चालू होती. ती सरळ रेषेवर अवलंबून नव्हती. भूप्रदेश आणि बदलते वारे विचारात घेऊन लोटाचा मार्ग ती वर्तवीत असे. मात्र भट्टीतून किती किरणोत्सार बाहेर पडत आहे याची माहिती वीजपुरवठा तुटल्यामुळे मिळत नव्हती. म्हणून ताशी एक बेकरेल असा एकक-उत्सर्ग कल्पून आकडेमोड केली गेली. ही फलिते सुरुवातीला लोकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. जनतेसमोर पहिला नकाशा २३ मार्चला आला.

दोन समित्या, दोन निष्कर्ष

२०१२ मध्ये दोन चौकशी समित्यांनी या प्रश्नावर परस्परविरोधी मते नोंदविली. सरकारने नेमलेल्या समितीच्या मते एकक-उत्सर्गाची फलिते वेळीच मिळाली असती, तर स्थलांतराची वेळ आणि दिशा अधिक योग्य निवडता आली असती. संसदेने नेमलेल्या समितीला मात्र, उत्सर्गाची माहिती नसताना अशी फलिते प्रारंभिक स्थलांतराचा आधार होऊ शकत नाहीत, असे वाटले. पुढे २०१४ मध्ये जपानच्या अणुनियमन प्राधिकरणाने स्थलांतराच्या निर्णयासाठी 'स्पीडी' न वापरण्याचे धोरण स्वीकारले.

येथे दोन प्रश्नांची गल्लत झालेली दिसते. प्रसरणाच्या गणितात हवेतील संहती ही उत्सर्गाच्या प्रमाणात बदलते. उत्सर्ग दसपट झाला तर संहतीही दसपट होते, परंतु लोटाचा मार्ग बदलत नाही. मात्रा ठाऊक नसली तरी दिशा सांगता येते. 'कोठे जाऊ नये' या प्रश्नाच्या उत्तराला बेकरेलचा आकडा लागत नाही. मात्रा अज्ञात म्हणून दिशाही नाकारणे हे तर्काला धरून नाही.

संसदीय समितीच्या भूमिकेतही तथ्य आहे, आणि ते डावलणे अन्यायाचे ठरेल. दिशा कळण्यासाठी मात्रा लागत नसली तरी वेळ लागते. १५ मार्चच्या सकाळचा उत्सर्ग दक्षिणेकडे आणि दुपारचा वायव्येकडे गेला. मोठा उत्सर्ग नेमका कोणत्या तासाला होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकच नकाशा हाती देऊन लोकांना हलविले असते, तर त्यांना दुसऱ्या लोटाच्या मार्गात नेण्याचा धोका होता. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की तासागणिक बदलणारे सर्व नकाशे आणि प्रत्यक्ष मोजमापे एकत्र वाचली पाहिजेत. ते नकाशे कपाटात ठेवावेत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भाकितातील अनिश्चितता ही ते दडविण्याची सबब होऊ शकत नाही, कारण त्याच्या जागी आलेले वर्तुळ अधिक अनिश्चित होते. फक्त ते तसे दिसत नव्हते.

किनाऱ्यावरील केंद्रांचा संदर्भ

ही चर्चा महाराष्ट्रालाही लागू पडते. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे केंद्र समुद्रकाठी आहे. भारतात आणीबाणीच्या नियोजनासाठी १६ कि.मी. त्रिज्येचे क्षेत्र मानण्याची परंपरा आहे. किनाऱ्यावर त्या वर्तुळाचा मोठा भाग पाण्यावरच पडतो. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि त्याच काळात मुसळधार पाऊस असतो. हिवाळ्यात खारे आणि मतलई वारे दिवसातून दोनदा दिशा पालटतात. अशा ठिकाणी एका मनोऱ्यावरील नोंदी आणि सरळ रेषेचे गृहीतक यांची मर्यादा विशेष जाणवणारी आहे.

निष्कर्ष

वर्षभराच्या हवामान-नोंदींवर आधारलेली प्रतिमाने स्थळनिवड आणि जोखमीची तुलना यांसाठी उपयुक्त आहेत. अपघाताच्या दिवशी मात्र त्यांची सरासरी त्रिज्या हा केवळ प्रारंभबिंदू मानला पाहिजे. अलीकडे 'मॅक्स' प्रणालीला वळणाऱ्या लोटाचे प्रतिमान जोडण्याची सोय झाली आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु फुकुशिमात उणीव केवळ गणिताची नव्हती. अपूर्ण उत्तरही ज्याच्या जिवाशी निगडित आहे त्याला सांगितले पाहिजे, हा संकेत तेथे पाळला गेला नाही. नामिएच्या रहिवाशांना किरणोत्साराचा आकडा हवा होता असे नाही. वारा कोणीकडे वाहत आहे एवढे कळणे त्यांना आवश्यक होते.