‘काहीतरी चुकलं’: लॅपटॉपच्या पडद्यावरच्या दोन ओळींची समीक्षा



आज आम्ही ज्या मजकुराविषयी बोलणार आहोत त्याच्यावर लेखकाचं नाव नसतं, आणि तो कोणी हौसेने वाचतही नाही. लॅपटॉप चालता चालता अडतो, ब्राउझरचं पान पांढरं पडतं, आणि पडद्यावर दोन ओळी उमटतात. त्या दोन ओळी हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात नाक का खुपसावं, असं काहींच्या मनात येईल. त्याचं उत्तर सोपं आहे. त्या दोन ओळी म्हणजे कार्यकारणाविषयी केलेलं विधान असतं, आणि विधान आलं की ‘कशावरून?’ हे विचारणं आमचं काम.

आधी काही नमुने पाहू. क्रोममध्ये पान कोसळलं की ‘ऑ, स्नॅप!’ असं दिसतं; हातातलं खेळणं पडल्यावर लहान मूल काढेल तसा उद्गार. फायरफॉक्सने असाच ‘गाह!’ हा उद्गार वापरला. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हा प्रसिद्ध निळ्या पडद्यावर खिन्न चेहरा अवतरला. आणि २०१५ मध्ये विंडोज १० बसवताना अनेकांना एक चौकट दिसली. तिचं शीर्षक होतं ‘समथिंग हॅपन्ड’ आणि खाली मजकूर होता, तोही ‘समथिंग हॅपन्ड’. म्हणजे ‘काहीतरी घडलं. काहीतरी घडलं.’ (हशा) हसू नका, तर्कदृष्ट्या हे वाक्य अभेद्य आहे. ते कधीच खोटं ठरू शकत नाही. आणि जे कधीच खोटं ठरू शकत नाही, ते सांगतही काही नाही.

या भाषेचं व्याकरण पाहा. आपल्याकडे ‘कप फोडला’ आणि ‘कप फुटला’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. मूल नेहमी म्हणतं, ‘फुटला’. कर्ता गायब. या संदेशांचं व्याकरण तेच आहे: पान बंद पडलं, जोडणी तुटली, काहीतरी चुकलं. कोणाचं चुकलं, कशात चुकलं, ते नाही. जुन्या निळ्या पडद्यावर आकड्यांचं जंगल असायचं, ते कोणालाच कळायचं नाही, हे खरं. पण आपण काही लपवत नाही आहोत, एवढी तरी त्याची नियत होती. नव्या संदेशाने आकडे मागे सारले आणि त्या जागी सहानुभूती आणून ठेवली. आम्हाला सहानुभूती नको आहे, हेतू हवा आहे. न्यायशास्त्रातल्या अर्थाने हेतू, बरं का.

चांगला संदेश लिहिता येतच नाही असं मात्र नाही. लॅपटॉपच्या आतला छोटा सेल कमजोर झाला की यंत्राची तारीख मागे जाऊ शकते. मग काय होतं? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. यंत्राला वाटतं अजून २०१५ चालू आहे, म्हणून २०२५ चं प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं. एकाएकी बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, आणि सर्वसाधारण इशारा असा येतो की तुमची जोडणी खाजगी नाही, कोणी तुमचे पासवर्ड चोरत असू शकेल. सत्तरीच्या माणसाची झोप उडवायला एवढं पुरे. पण अशा वेळी क्रोम एक वेगळं पानही दाखवू शकतो. त्यावर लिहिलेलं असतं: तुमचं घड्याळ मागे आहे. तुमच्या यंत्राची तारीखही तिथेच दिलेली असते. डोंगरावर अग्नी आहे, कारण हा पाहा धूर. भिंतीवरच्या कालनिर्णयकडे मान वळवली की पडताळा झाला. संपूर्ण वाङ्मयप्रकारात हा संदेश आम्हाला सर्वात सरस वाटतो. आणि तो आला नाही तरी वाट आहे. एकाच स्थळावर तारखेची तक्रार येत असेल आणि बाकी सगळं उघडत असेल, तर बहुधा दोष त्या स्थळाकडे. सगळीकडेच येत असेल, तर आधी आपलं घड्याळ पाहावं.

हे जे आत्ता केलं त्याला नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथे कार्य असणं हा अन्वय. कारण काढलं की कार्यही जाणं हा व्यतिरेक. मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची पद्धत म्हणून हाच विचार त्याच्या भाषेत मांडला. लॅपटॉपच्या दुरुस्तीत दुसरं काही तत्त्वच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमकं हेच, आपल्याला मिळणारे सल्ले पार धुळीला मिळवतात. कोणालाही विचारा: कॅशे साफ करा, कुकीज काढा, एक्स्टेंशन्स उडवा, ब्राउझर काढून पुन्हा टाका, मग रीस्टार्ट करा. पाचही गोष्टी एका दमात केल्या आणि यंत्र चालू लागलं. कशाने चालू लागलं? सांगता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आठवड्याने तीच तक्रार परत येते, पुन्हा पाचही उपाय, आणि या खेपेला कुकीजबरोबर लॉगिन जातात, काढलेल्या एक्स्टेंशनबरोबर त्यातला साठा जातो. रोग्याला सात काढे एकदम पाजणारा वैद्य बरा करीलही, पण त्याला वैद्यक कळलं असं कोणी म्हणणार नाही.

अन्यथासिद्ध हा शब्द इथे उपयोगी पडतो. घट तयार व्हायला माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. ज्या गाढवावरून माती आणली ते गाढवही हजर असतं, पण ते घटाचं कारण नव्हे. ‘काल अपडेट आलं, आज बिघडलं’ हे विधान ऐकलं की पहिला प्रश्न हाच: अपडेट हे चाक आहे की गाढव? ते ठरवायला विंडोजमध्येच एक सोय आहे. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ एवढं लिहिलं तरी तारीखवार तक्ता उघडतो. कोणत्या दिवशी काय बसवलं आणि कोणत्या दिवशी काय कोसळलं, ते एकाखाली एक दिसतं. आम्हाला हा तक्ता फार आवडतो. त्याची कुठे जाहिरात नसते म्हणूनही असेल.

रीस्टार्टविषयीही थोडं सांगायला हवं, कारण तो सर्वमान्य उपाय आहे आणि त्याचा अर्थ फारसा कोणाला माहीत नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर यंत्रणेचा गाभा पूर्ण विझत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. म्हणजे रात्रभर लॅपटॉप बंद ठेवणारा मनुष्य कालचाच दोष आज पुन्हा जागा करत असू शकतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र गाभा नव्याने भरला जातो. ‘बंद करून चालू केला, काही झालं नाही’ असं कोणी म्हटलं की ‘म्हणजे नेमकं काय केलं?’ हे विचारावं लागतं ते यासाठी.

आता एक बारकावा. ब्राउझर वेड्यासारखा वागत असेल तर खाजगी खिडकी उघडून बघा, असं जाणकार सांगतात, आणि सल्ला चांगला आहे. पण व्यतिरेक शुद्ध नाही. खाजगी खिडकीत एक्स्टेंशन्स सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीजही नसतात. दोन गोष्टी एकदम काढल्या. पान नीट उघडलं, तर दोघींपैकी कोणती दोषी? तेव्हा साध्या खिडकीत परत येऊन आधी फक्त एक्स्टेंशन्स बंद करावीत, काढून टाकू नयेत. समजा सोळा आहेत. सोळा वेळा तपासायचं कारण नाही: आठ बंद करा, मग उरलेल्यांतली चार, मग दोन, मग एक. दोषी एकच असेल, तर चार फेऱ्यांत सापडतं. आणि सगळी बंद करूनही पान बिघडलेलंच राहिलं, तर फक्त त्या एका स्थळाच्या कुकीज काढाव्यात. सगळ्या इंटरनेटच्या नव्हेत.

एवढं करूनही कारण हाती लागत नाही, कारण ते घरात नसतंच, असंही घडतं. ४ मे २०१९ च्या सुमारास जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेंशन्स आपोआप बंद पडली. ती खरी आहेत याची ग्वाही देणाऱ्या साखळीतल्या एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत मोझिलाकडे संपली होती. गंमत अशी की ही तपासणी साधारण चोवीस तासांतून एकदा होते आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यामुळे शेजाऱ्याचं चालू, माझं बंद. आणि माणूस म्हणतो, म्हणजे माझ्याच लॅपटॉपमध्ये दोष. अन्वय-व्यतिरेक घाईने लावला की असं फसायला होतं. मोझिलाने त्या दिवशी लोकांना कळवळून सांगितलं की एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकू नका, त्यातला साठा जाईल. ज्यांना काहीच करू नये हे वेळेवर कळलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं काही गेलं नाही.

दुसरं उदाहरण १३ जानेवारी २०२२ चं. फायरफॉक्समध्ये अचानक एकही पान उघडेना. आधुनिक जोडणीच्या एचटीटीपी-३ या पद्धतीसंबंधीची एक सेटिंग क्लाउड पुरवठादाराकडे बदलली होती. फायरफॉक्सच्या कोडमध्ये एक शीर्षक मोठ्या लिपीतल्या अक्षरांसह शोधलं जात होतं, आणि फायरफॉक्सचाच एक घटक ते छोट्या अक्षरांत लिहीत होता. शीर्षक सापडेना, कोड गोल गोल फिरत राहिला आणि बाकीची सगळी वाहतूक त्याच्यामागे अडकली. अक्षरांचा दोष आधीपासून तिथे होताच. सेटिंग बदलेपर्यंत त्याने कोणाला त्रास दिला नव्हता. कारण एक नसतं, कारणसामग्री असते, हे नैयायिकांचं म्हणणं यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने आम्हाला वर्गात कधी शिकवता आलं नसतं.

आता आम्हाला ज्याची खरी काळजी वाटते त्याकडे येतो.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या पडद्यावर एके दिवशी भोंगा वाजू लागला. पूर्ण पडदाभर मजकूर: तुमच्या यंत्रात विषाणू आहे, अमुक फाइल बाधित आहे, बँकखातं धोक्यात आहे, बंद करू नका, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. त्यांनी केला. पलीकडच्या अत्यंत सभ्य माणसाने लॅपटॉप दुरून ताब्यात घेतला, आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

त्या खोट्या मजकुराचं शैलीदृष्ट्या परीक्षण केलं तर काय दिसतं? तो खऱ्यापेक्षा सरस आहे. त्यात कर्ता आहे, कारण आहे, बाधित वस्तूचं नाव आहे, उपाय आहे, आणि बोलायला माणूस आहे. खरा संदेश म्हणतो ‘काहीतरी चुकलं’, आणि खोटा म्हणतो काय चुकलं ते. वर्षानुवर्षं कारणाविना ठेवलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदा कारण सांगतं, आणि तो विश्वास ठेवतो. त्याला भोळा म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. ही पोकळी सौम्य भाषेत बोलणाऱ्यांनीच तयार केली आहे.

ओळखायची खूण मात्र स्पष्ट आहे. मायक्रोसॉफ्टने जाहीर सांगितलं आहे की त्यांच्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. क्रमांक दिसला की मजकूर खोटा, पुढे वाचायचंही नाही. तो विषाणू वगैरे नसतो. ते पूर्ण पडद्यावर पसरलेलं एक साधं पान असतं. एस्केपची कळ दाबून धरावी, नाहीतर कंट्रोल-आल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू देऊ नयेत. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच कळवावं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आमची मागणी फार नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. त्या दिवशीही कित्येक पडद्यांवर, खिन्न चेहऱ्याच्या खाली, बारीक अक्षरांत बिघडलेल्या फाइलचं नाव होतं. ज्यांनी ते वाचलं त्यांना शोध कुठून सुरू करायचा ते कळलं. एवढीशी ओळ, पण ती खोटी ठरू शकणारी ओळ होती. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो पडदा काळा केला आणि चेहरा काढून टाकला. कोड आणि संशयित ड्रायव्हरचं नाव दाखवायची सोय ठेवली आहे. अक्षरं अजूनही बारीकच आहेत.

आता प्रश्न घेऊ. मागे ज्यांनी हात वर केलाय त्यांच्यापासून सुरुवात करू या.