‘एग’ची खंडित सिंफनी

इंग्लंडमधील ‘एग’ ह्या त्रयीची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली ‘डेरॅम’ने काढली. पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक ह्या नावाने जे संगीत बहरले त्याच्या इतिहासात ‘किंग क्रिमझन’, ‘यस’ ह्यांस प्रकरणे मिळतात. ‘एग’च्या वाट्याला फार तर दोन ओळी. हे संगीत म्हणजे हुशार विद्यार्थ्यांची वही, असा आक्षेप तिच्यावर सहज घेता येतो. आमचे आयुष्य वह्या तपासण्यातच गेले. तेव्हा ही वहीही उघडून पाहावी असे आम्हांस वाटले.

आक्षेप अगदीच निराधार नाही. ऑर्गन वाजविणारा डेव्ह स्ट्यूअर्ट आणि बास वाजवून गाणारा मॉन्ट कॅम्पबेल हे ‘सिटी ऑफ लंडन स्कूल’चे विद्यार्थी. त्यांच्या ‘युरिएल’ ह्या आधीच्या संचातील गिटारवादक स्टीव्ह हिलेज शिक्षणासाठी निघून गेला, आणि ड्रमवादक क्लाइव्ह ब्रुक्ससह ह्या दोघांनी गिटारावाचूनच संसार मांडला. रॉकमध्ये गिटार नसणे म्हणजे लावणीला ढोलकी नसणे! पण त्यामुळेच येथे ऑर्गनची प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते. ‘आय विल बी अब्सॉर्ब्ड’ हे गीत आम्हांस सर्वांत सरस वाटते. रूपक ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना विषम मात्रांचा धाक नाही; परंतु रूपकात सम ठरल्या जागी भेटते, येथे मात्रासंख्या वाटेतच पालटते आणि श्रोता पायरी चुकल्यासारखा दचकतो. ‘बॉइल्क’ हा ध्वनिप्रयोग मात्र निव्वळ पोरखेळ आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या बाजूवरील ‘सिंफनी क्रमांक २’चा. तिच्या पहिल्या खंडात ग्रीगची ओळखीची धून उघडपणे येते. तिसरा खंड स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’वर बेतलेला होता. स्ट्राव्हिन्स्की तेव्हा हयात होता. स्वामित्वहक्काचा तंटा उद्भवेल ह्या भीतीने तो खंड गाळण्यात आला. त्याच मुद्रिकेत बाखची डी मायनर फ्यूग राजरोस वाजते. तिच्यावर हक्क सांगणारा कोणी उरला नव्हता, एवढाच काय तो फरक! अनुकरणाचा आरोप अशा रीतीने कलेच्या न्यायासनापुढे न येता वकिली भीतीनेच निकालात निघाला.

पुढे काँपॅक्ट डिस्कच्या आवृत्तीत तो खंड परत आला. तो जागी ठेवून ऐकले म्हणजे रचनेचा तोल ध्यानी येतो. ‘ब्लेन’ ह्या कर्कश यंत्रध्वनीनंतर एकदम समारोप सुरू होई, तो पूर्वी आम्हांस उपरा वाटे. मधल्या खंडातील आघातांनी त्याची वाट तयार केलेली होती, हे आता कळते. ह्या तरुणांनी ऋण लपविलेले नाही. चोरी करणारा मुलगा उतारा ओळखू येऊ नये म्हणून शब्द फिरवितो. ह्यांनी तो ओळखू यावा असाच वाजविला आहे.