पेशी अमर झाल्या, निकाल मात्र पोचला नाही

रेबेका स्क्लूट यांचे 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स' (2010) हे पुस्तक हेला पेशींची कथा म्हणून शिक्षकांना ठाऊक असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 1951 मध्ये हेन्रिएटा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. तिला न विचारता घेतलेल्या गाठीतील पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. आम्ही मात्र हे पुस्तक निराळ्या प्रश्नासाठी वाचावे असे सुचवतो. तपासणीचा निकाल माणसाला कळतो, म्हणजे नेमके काय होते?

या दृष्टीने सर्वांत बोलका भाग हेन्रिएटाच्या मुलीचा, डेबोराचा आहे. 1973 च्या सुमारास संशोधकांनी कुटुंबीयांचे रक्त घेतले. त्यांना हेला पेशी ओळखण्यासाठी आनुवंशिक माहिती हवी होती. घरच्यांचा समज झाला, की ही कर्करोगाची तपासणी आहे. आई एकतिसाव्या वर्षी गेली, आपलेही तसेच होणार, या धास्तीने डेबोरा निकालाची वाट पाहत राहिली. तो निकाल येणारच नव्हता! अज्ञान तिचे खरे, पण कसूर सांगणाऱ्यांची होती, हे स्क्लूट आरडाओरडा न करता दाखवतात.

पुस्तकाची उणीवही येथेच जाणवते. पॅप चाचणी आणि एचपीव्ही विषाणू यांचे उल्लेख त्यात आहेत. पण आज एखाद्या बाईच्या हाती 'पेशींत बदल आढळले' असा रिपोर्ट आला, तर तिने काय समजावे, हे वाचकाला उमगत नाही. तो पुस्तकाचा विषय नव्हे, हे मान्य. परंतु वर्षाच्या सुरुवातीला निदान आणि ऑक्टोबरात मृत्यू, एवढेच मनात राहिले तर भीतीच वाढेल.

ही उणीव शिक्षकांनी भरून काढावी. असा रिपोर्ट म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवते. सौम्य बदल पुष्कळदा पूर्ववत होतात. तीव्र बदलांपैकी काहींचेच कर्करोगात रूपांतर होते, आणि त्यालाही सहसा कित्येक वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत तो भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो. म्हणून पुढची पायरी असते ती ठरावीक काळाने पुन्हा चाचणी, किंवा कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणे व जरूर तर तुकडा तपासणे. संसर्ग फार जुनाही असू शकतो. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे चूक आहे. नाहीतर लाजेपोटी रिपोर्ट कपाटात पडून राहतो आणि हाताशी असलेली वर्षे वाया जातात.

शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक जरूर असावे. पेशीविभाजन शिकवताना हेलाची गोष्ट सांगावी. पण त्याच तासाला दहा मिनिटे डेबोरालाही द्यावीत. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी तसाच एखादा कागद न उलगडता पडलेला असेल.