विद्युत्-आघात : उपद्रवांचे स्थलांतर

सेर्लेत्ती व बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे आरंभिलेल्या ह्या उपचाराची चर्चा बहुधा स्मृतिभ्रंशापाशीच थांबते. वस्तुतः जुना मोठा उपद्रव कण्याचा होय. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता आघात केल्यास स्नायू इतक्या जोराने आकुंचन पावतात की पाठीच्या मधल्या मणक्यांचा अस्थिभंग होऊ शकतो. सक्सामेथोनियमने ही आपत्ती टळली. परंतु उपचार निर्धोक झाला असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. हे औषध विघटित करणारे विकर ज्यांच्या रक्तात उणे असते, त्यांचा श्वास दीर्घकाळ थांबतो. धोका हाडांकडून श्वासाकडे सरकला, आणि भूलतज्ज्ञ अपरिहार्य झाला. 'भूलतज्ज्ञ मिळत नाही, म्हणून भुलीविना' हा युक्तिवाद त्यामुळेच तर्कदुष्ट आहे. उणीव संस्थेची आणि मोडणार रुग्णाचा कणा! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने तो निकालात काढला, हे योग्यच झाले.

कलम ९४ विषयी मात्र तसे म्हणवत नाही. तातडीच्या उपचारांतून त्याने विद्युत्-आघात सरसकट वगळला आहे. अन्नपाणी सोडून काष्ठवत् पडलेल्या ज्या रुग्णास ह्या उपचाराने त्वरित गुण येतो, त्यालाच प्रवेशाची व संमतीची प्रक्रिया पुरी होईतो थांबावे लागते. माधवनगरच्या आप्तांनी त्याला थेट येरवड्यास वा रत्नागिरीस नेले, तरी ती प्रतीक्षा चुकत नाही.