डिलन, बॉब

(२४ मे १९४१– ). अमेरिकन गीतकार, संगीतरचनाकार व गायक. मूळ नाव रॉबर्ट ॲलन झिमरमन. जन्म मिनेसोटा राज्यातील दुलूथ येथे. बालपण हिबिंग या खाणींच्या गावी गेले. १९६१ मध्ये तो न्यूयॉर्क येथे आला आणि ग्रिनिच व्हिलेजमधील लोकगीतगायकांच्या वर्तुळात वावरू लागला. वुडी गथ्रीची गीते, जुनी इंग्रजी-स्कॉटिश कथागीते (बॅलड), निग्रो ब्लूज गीते आणि बायबल हे त्याच्या रचनेचे प्रमुख आधार होत. अमेरिकन गीतपरंपरेत नवी काव्याभिव्यक्ती निर्माण केल्याबद्दल त्याला २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

डिलनची गीते सुबोध आहेत की दुर्बोध, हा त्याच्याविषयीच्या समीक्षेतील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. १९६४ पर्यंतची निषेधगीते स्पष्टार्थी आणि १९६५-६६ मधील ध्वनिमुद्रिकांतील गीते प्रतिमांच्या गर्दीमुळे संदिग्ध, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. ती सोयीची असली, तरी गीतांच्या बारकाईच्या अभ्यासाने टिकत नाही.

‘द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल’ (१९६४) हे गीत वरवर पाहता सर्वांत स्पष्ट ठरावे. १९६३ मध्ये बॉल्टिमोर येथील एका हॉटेलात एका धनिक तरुणाने काठीने मारल्यानंतर तेथील एका सेविकेचा मृत्यू झाला. त्या तरुणास अवघ्या सहा महिन्यांची शिक्षा झाली. ही घटना गीतात वृत्तांताप्रमाणे येते. तथापि ती स्त्री कृष्णवर्णीय होती, हे गीतात कोठेही सांगितलेले नाही. श्रोता ते जाणतोच, या विश्वासावर गीत उभे आहे. ‘अश्रू ढाळण्याची वेळ अजून आलेली नाही’ अशा आशयाचे ध्रुपद अखेरीस, न्यायालयाचा निर्णय सांगितल्यावर, उलटते. ज्याचा शोक करावयाचा, तो मृत्यूपेक्षाही न्यायाचा अधःपात होय, हे येथे विधानाने नव्हे, तर रचनेने सूचित होते.

‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ (१९६२) या गीताचा इतिहास उद्‌बोधक आहे. त्यातील पाऊस म्हणजे अणुयुद्धातील किरणोत्सर्गी वर्षाव, असा अर्थ रूढ झाला व त्याचा संबंध क्यूबातील क्षेपणास्त्र-संकटाशी जोडण्यात आला. १९६३ च्या ध्वनिमुद्रिकेवरील टिपणात स्वतः डिलननेही तो जोडलेला दिसतो. मात्र त्याच वर्षीच्या एका नभोवाणी-मुलाखतीत हा पाऊस अणुवर्षाव नव्हे, असे त्याने सांगितले. शिवाय हे गीत सप्टेंबर १९६२ मध्ये, म्हणजे ते संकट प्रकट होण्यापूर्वीच, जाहीरपणे गायिले गेले होते. कवीची साक्ष अर्थनिर्णयास पुरेशी नसते, असे यावरून दिसते. गीताची चौकट मात्र निश्चित आहे : ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या कथागीतातील माता-पुत्रांची प्रश्नोत्तरे. त्या कथागीतात पुत्रावर विषप्रयोग झालेला असतो. येथे विष साऱ्या जगात भिनले आहे. प्रतिमा सुट्या असल्या, तरी या चौकटीमुळे त्यांचा भाव एकसंध राहतो.

‘मिस्टर टँबोरीन मॅन’ (१९६५) मधील खंजिरीवादक म्हणजे मादक द्रव्यांचे प्रतीक, असा तर्क बहुप्रसृत झाला. डिलनने १९८५ मध्ये त्याचा इन्कार केला. वस्तुतः निद्राहीन निवेदकाने संगीताला केलेली आळवणी म्हणून हे गीत पूर्णतः आकलनीय आहे. ‘बॅलड ऑफ अ थिन मॅन’ (१९६५) मधील मिस्टर जोन्स कोण, याविषयीही अनेक अंदाज झाले. समोर घडणाऱ्या गोष्टींचा उलगडा न होणाऱ्या चौकस माणसाचा उपहास हाच या गीताचा विषय असल्याने, जोन्सची ओळख शोधणारा टीकाकार नकळत त्याच्याच भूमिकेत शिरतो. डिलनची संदिग्धता बहुधा संदर्भाची असते, भावाची नसते. त्यामुळे त्याची गीते कूटे मानून सोडविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरतात.

याचा अर्थ त्याची प्रत्येक दुर्बोध ओळ समर्थनीय आहे, असा नव्हे. १९६५-६६ मधील काही दीर्घ रचनांत ऐतिहासिक व काल्पनिक पात्रांची नुसती मालिका येते. एखादे कडवे गाळले किंवा त्याचा क्रम बदलला, तरी फारसे बिघडत नाही. जेथे कथागीताची चौकट, संबोधन वा ध्रुपद प्रतिमांना बांधून ठेवते, तेथे संदिग्धता अर्थसमृद्ध होते. जेथे हे बंधन सुटते, तेथे ती केवळ चमत्कृती उरते.

छापील संहितेवरून अर्थ ठरविण्यास आणखी एक मर्यादा आहे. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ (१९७५) या गीतातील सर्वनामे व प्रसंग डिलनने जाहीर गायनात वारंवार बदलले; १९८४ मधील ध्वनिमुद्रणात तर कडवीच पालटली. आपली गीते वाचण्यासाठी नसून गाण्यासाठी आहेत, असे त्याने २०१७ च्या नोबेल व्याख्यानात प्रतिपादिले. क्रिस्टोफर रिक्ससारख्या समीक्षकांनी या गीतांचे काव्य म्हणून सूक्ष्म विवेचन केले आहे. परंतु त्यांतील शब्दाचा भार स्वर, विराम व उच्चार यांवरही अवलंबून असल्याने त्यांचा अर्थ प्रत्येक गायनात काही प्रमाणात नव्याने सिद्ध होतो.