दलदलीची पाणथळ होताना

परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात शिरणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही: निसर्ग राखावयाचा, तो कोणाच्या स्मरणातला? १९७४ साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला आणि पुढे गाभ्यातील कित्येक गावे डोंगराखाली हलविण्यात आली. हाच प्रश्न पाण्याच्या संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ कातेरीना स्कारामेल्ली यांनी ‘हाऊ टू मेक अ वेटलँड’ (२०२१) या ग्रंथात विचारला आहे.

त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र म्हणजे तुर्कस्तानातील गेदीझ व किझिलइर्माक या नद्यांचे त्रिभुज प्रदेश. एकेकाळी हिवतापाचे घर म्हणून कोरडी करावयाची ठरविलेली दलदल पुढे संरक्षित ‘पाणथळ’ कशी झाली, हे त्या तेथील शेतकरी, कोळी आणि शास्त्रज्ञ यांच्या सहवासातून उलगडतात. १९९८ मध्ये दोन्ही प्रदेश रामसर यादीत आले. परंतु इझमीरचे आखात गाळाने भरू नये म्हणून गेदीझचे मुख १८८६ मध्येच वळविलेले होते, आणि रोहित पक्ष्यांच्या शेजारी मिठागरेही आहेत. मग ‘पूर्ववत’ करणे म्हणजे कोणत्या वर्षापर्यंत मागे जाणे? माणसाने पाण्याशी व प्राण्यांशी कसे वागणे न्याय्य, याविषयी प्रत्येक समूहाची स्वतःची धारणा असते; तिला लेखिका नैतिक परिसराचे नाव देतात. ग्रंथाचे बळ येथे आहे.

उणीवही येथेच जाणवते. दोन धारणा समोरासमोर ठाकल्या, तर धोरणकर्त्याने कोणत्या बाजूस झुकावे, याचा निवाडा वाचकावर सोडलेला वाटतो.

आपल्याकडे तो निवाडा व्याख्येतच होऊन जातो. रामसर करार मानवनिर्मित जलाशयांनाही पाणथळ मानतो. भारताचे २०१७ चे नियम मात्र खास सिंचनासाठी बांधलेले जलाशय आणि भातशेती वगळतात. पूर्व विदर्भात कोहळ्यांनी सिंचनासाठी तलाव बांधले, ढिवर त्यांत मासे धरत आले, आणि गोंदियाचा सारस धानाच्या बांधीतही घरटे करतो. ही बांधी नियमांच्या कक्षेबाहेर राहते. सारसाला व्याख्या ठाऊक नसते. ती करणाऱ्यांना मात्र सारस ठाऊक असावयास हवा.

पाणथळ माणसांच्या निर्णयांतूनही घडते, हे या ग्रंथाने पटवून दिले. तो निर्णय घेताना ढिवराला बसावयास जागा द्यावी, हे म्हणण्याचे काम आपले आहे.